मी पाय न धुता गेले

परात चांदीची होती. तिच्यात महाराजांचे पाय होते. गोरे, मऊ पाय. टाचेला एक भेग नाही. मी रांगेत नववी होते.

शेठच्या घरी दरवर्षी ही पाद्यपूजा व्हायची. वाशीत, खाडीच्या अंगाला असलेल्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. शेठ म्हणजे कांदा-बटाटा मार्केटातल्या ज्या गाळ्यावर मी तेव्हा काम करायचे त्या गाळ्याचे मालक. माझं काम कांदे निवडायचं. माझ्या हाताखाली सात बायकांची टोळी होती, आजही आहे. शेठच्या बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो.

सहा वर्षं मी त्या दिवशी वहिनींकडे सेवेला जात होते. सेवा म्हणजे सतरंज्या घालणं, भाज्या चिरणं, भांडी, आणि सगळं उरकल्यावर फरशी. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, मी मागितले नाहीत. देवाच्या घरचं काम आहे, असं मीच माझ्या मनाला सांगत होते.

सहाव्या वर्षी वहिनी आपणहून म्हणाल्या, "ह्या वेळी तू पण पाय धू. तुझा नंबर लावते मी."

मी उपास केला. नवी साडी नेसले. जाताना एक प्रश्न घेऊन गेले. तो मी सहा वर्षं कुणाला विचारला नव्हता.

माझ्या पुढची बाई उठली. मी पाटाजवळ बसले, तांब्या उचलला. महाराजांच्या शेजारी एक सेवेकरी बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "आडनाव?"

मी सांगितलं.

त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनी पुढे आल्या आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "अगं, तू राहू दे. वाईट वाटून घेऊ नको हं. लांबून नमस्कार कर, पोचतो तो."

माझं आडनाव वहिनींना सहा वर्षं माहीत होतं. ते मोठ्याने बोललं गेलं, एवढंच त्या दिवशी नवं होतं.

मी तरीही उठले नाही. एवढं जवळ परत कधी जायला मिळणार? मी म्हटलं, "महाराज, एकच विचारते. माझा नवरा का गेला?"

महाराज रागावले नाहीत. रस्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं. "मागच्या जन्मी कुणाचं तरी कुंकू पुसलं असशील. ते भोगून संपव. सेवा करत राहा."

मागे बसलेल्या बायकांनी माना हलवल्या. एक जण म्हणाली, "बघा ना, किती सोपं करून सांगतात."

मग तीर्थ. परातीतलं पाणी. बाकीच्यांच्या तळहाताला पळी टेकवून दिलं. मला वीतभर वरून सोडलं. अर्धं हातावर पडलं, अर्धं साडीवर. जेवढं हातावर होतं तेवढं मी प्याले.

"फरशी ओली झालीय बघ," वहिनी म्हणाल्या. "पटकन पुसून घे. कुणी घसरेल."

मी पुसली.

हे लिहायलाच हवं. मी काही उत्तर दिलं नाही, दार आपटून निघाले नाही. नव्या साडीचा पदर खोचला, फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून महाराजांच्या पाटाभोवतीची सगळी फरशी पुसली. कोपरेसुद्धा. काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

घरी आले तर माझी मुलगी मनीषा अभ्यास करत बसली होती. ती तेव्हा बारावीला. तिने विचारलं, "काय म्हणाले गं महाराज?"

भाकरी थापता थापता मी सांगितलं.

तिने वही मिटली. "म्हणजे बाबांना तू मारलंस?"

"असं नाही गं."

"तेच म्हणाले ना ते? मागच्या जन्मी तू काहीतरी केलंस म्हणून ह्या जन्मी बाबा. तुझ्यामुळे."

माझा हात पिठातच राहिला.

माझा नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होता. ट्रकवरून पत्र्याच्या कॉइल उतरवायच्या, क्रेनची साखळी लावायची. एका कॉइलचं वजन टनांत असतं. साखळी झिजली होती. ती बदला, असं तो मालकाच्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होता. मला हे माहीत आहे, कारण जेवताना तो दुसरं काही बोलतच नव्हता. एके दिवशी सकाळी साखळी तुटली. अंगावर काय उरलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ओळख मी पटवली. चपलेवरून.

साखळी कुणाची, ती बदलायची कुणी, हे त्या यार्डात प्रत्येकाला माहीत होतं. आणि मी सहा वर्षं ज्यांच्या सतरंज्या घातल्या त्यांनी तीच साखळी उचलून माझ्या गळ्यात घातली. मी वाकून घालून घेतली. माझ्या मुलीला एका वाक्यात जे दिसलं, ते मला तिथे, परातीसमोर बसून दिसलं नाही.

पुढच्या वर्षी वहिनींचा फोन आला. "गुरुवारी लवकर ये हं. माणसं वाढलीत यंदा."

"मी येणार नाही, वहिनी."

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. येणार नाही."

त्या म्हणाल्या, "बघ बाई. सेवा सोडली की काय काय होतं ते पाहिलंय मी."

महिन्याभरात त्या गाळ्यावरचं आमचं काम गेलं. शेठ म्हणाले, आता मशीन बसवणार. मशीन कुणी पाहिलं नाही. आमच्या जागी दुसरी टोळी बसली, ती मात्र सगळ्या बाजाराने पाहिली. माझ्यामुळे सात बायकांची चूल आठ दिवस बंद पडली. त्यांनी मला शिव्या दिल्या. त्यांचं बरोबर होतं. मग दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या गाळ्यावर काम मिळालं आणि शिव्या थांबल्या.

त्या गाळ्यावर शांताकाकू आधीपासून बसत होत्या. जालन्याकडच्या. साठी जवळ आलेली, गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात नखाएवढा क्रूस. कामाला अत्यंत मंद. एकेक कांदा उचलून चारी बाजूंनी फिरवून बघायच्या. टोळीतली एक म्हणाली, "काकू, कांदा निवडताय का सून?" सगळ्या हसल्या. काकू पण हसल्या, आणि पुढचा कांदा तसाच फिरवून पाहिला.

एकदा जेवताना मी त्यांना डिवचलं. मनात ती परात होतीच. म्हटलं, "काकू, तुमच्या देवाचे पाय धुवायला केवढी रांग असते?"

"रांग? आमच्यात त्यानंच धुतले की."

"कुणी?"

"देवानं. खाली बसून. बारा जनांचे."

"कुणाचे? राजाबिजा होते का?"

"कुटलं! मासे धरनारे. एक जन तर त्याला धरून द्यायला निघाला व्हता. त्याचे बी धुतले."

"डोकं फिरलं होतं का त्याचं?"

"तसंच म्हनले असतील लोकं तवा," काकू म्हणाल्या आणि ठेच्याचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी ऐकीव गोष्टीवर जात नाही. काकूंकडे त्यांचं पुस्तक मागितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी साडीत गुंडाळून आणलं. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं. पुस्तक घरात होतं, आणि कुणीतरी वाचेल म्हणून जपलेलं होतं.

आता माझं काम काय ते नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गोणी उघडली की वरचे कांदे चांगलेच असतात. भरणारा तसाच भरतो. लाल, कोरडे, एकसारखे. नवी बाई वरचे कांदे बघून म्हणते, माल चांगला आहे. जुनी बाई हात कोपरापर्यंत आत घालते, तळाशी नेते आणि तिथला कांदा वर काढते. तळाला पाणी सुटलेलं असेल तर हाताला कळतं, नाकाला कळतं. माल तळाशी कळतो.

महाराजांकडे सहा वर्षं मी वरचे कांदे बघत होते. फुलं, चांदी, गोड आवाज. तळाशी हात गेला तो ज्या दिवशी आडनाव विचारलं त्या दिवशी.

ह्या पुस्तकात मला उलटं दिसलं. इथे तळच वर ठेवलेला होता. पकडलेला माणूस. थोबाडीत खाल्लेला, थुंकी झेललेला, कपडे उतरवलेला, सगळ्यांसमोर खिळे ठोकून टांगलेला. बरोबरचे लोक पळून गेलेले. आणि हाच देव, असं ते म्हणतात. लपवत नाहीत, भिंतीवर टांगून ठेवतात. मी अनेक देव पाहिलेत. आई ज्या देवीला मानायची तिला मी आजही नाव ठेवत नाही. पण माझ्या नवऱ्याचं जसं झालं, तसं अंग झालेला देव मी पहिल्यांदा पाहिला.

मला रडूबिडू आलं नाही. मी विचार केला.

एक म्हणजे, ह्या गोष्टीत सेवा करून करून लायक व्हायची अट नव्हती. पाय आधी धुतले, लायकी नंतरही कुणी विचारली नाही. सहा वर्षं सतरंज्या घातलेल्या बाईला ह्याचा अर्थ लवकर कळतो. आणि ह्या लोकांचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला. ते खोटं असेल तर आमचं सगळंच फुकट, असं ते स्वतः म्हणतात. हे मला पटलं. धंद्यात असा माणूस बरा, जो म्हणतो हीच गोणी उघड, ही सडकी निघाली तर गाडी परत ने. शिवाय तो उठला हे पहिल्यांदा बायकांनी सांगितलं, असं लिहिलंय. त्या काळी बाईची साक्ष कोण धरत होतं? आजही त्या लोखंडाच्या यार्डात धरत नाहीत. नवरा मालकाच्या माणसाला साखळीचं बोलला होता, हे मी ओरडून सांगितलं तर मला म्हणाले, बाई, तू घरी होतीस. कुणाला खोटं रचायचं असतं तर त्याने साक्षीदार म्हणून आमच्यासारख्या उभ्या केल्या नसत्या. पुरुष उभे केले असते, दाढीवाले.

हे सगळं खरं आहे असं मी म्हणत नव्हते. एवढंच ठरवलं, की आधी ही गोणी उघडायची.

दीर घरी आला. दारातूनच म्हणाला, "वहिनी, बाटलीस काय?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे बघतेय."

"बघायला काय भाजीबाजार आहे?"

"तुला भाजी दहा ठिकाणी बघून घ्यायला लागते," मी म्हटलं. "देव पहिल्याच गाडीवरचा चालतो होय?"

तो चहा न घेता गेला.

शेजारच्या ताईंचं बोलणं मात्र मी नीट ऐकलं. त्या म्हणाल्या, "तुला माणूस म्हणून बसायचंय ना? मग विहारात ये. तिथे कुणी आडनाव विचारत नाही." खरं होतं ते. त्यांच्या घरात मी जेवलेय, त्यांचं वागणं मला माहीत आहे. मी म्हटलं, येईन, तुमचंही वाचीन. पण माझं भांडण देवाशी आहे, ताई. भांडायला समोर कुणीतरी हवं. ते आधी संपवू द्या.

मनीषा तेव्हा कॉलेजला जायला लागली होती. ती एवढंच म्हणाली, "आई, जात तिथे पण असते हं. तुझा तो हात तिथे पण घाल तळापर्यंत."

काकूंबरोबर मी चर्चमध्ये जायला लागले. रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, इंग्रजी. तिला गाड्यांची गर्दी. दुपारी चारला मराठी मिस्सा, तिला बाहेर चपलांची गर्दी. हे मी पहिल्याच रविवारी पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

फादर वसईकडचे. पन्नाशीचे, जरा थकलेले. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी त्यांना गाठून तोच प्रश्न विचारला. माझा नवरा का गेला?

ते म्हणाले, "मला माहीत नाही."

मी वाट बघत उभी राहिले.

"तुमच्या पापामुळे गेला नाही, एवढं सांगू शकतो. असं प्रभूलाही विचारलं होतं लोकांनी, एका जन्मतः आंधळ्या माणसाबद्दल. कुणाचं पाप म्हणून. तो म्हणाला, कुणाचंच नाही." मग त्यांनी विचारलं, "साखळी कुणाची होती?"

नवरा गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोलिसांनीसुद्धा नाही. मी चर्चच्या पायरीवर बसले आणि साखळीबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही.

दीड वर्ष गेलं. मी स्नानसंस्कार, म्हणजे डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती करून घेतात तो, घेतला नव्हता. फादर मागेही लागले नाहीत. मग ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार आला.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये बारा माणसांना खुर्च्यांवर बसवतात आणि फादर त्यांचे पाय धुतात. पकडला जायच्या आधी, शेवटच्या जेवणाच्या वेळी त्यांच्या देवाने जे केलं त्याची आठवण म्हणून. त्या वर्षी फादरांनी मराठी मिस्सेत सांगितलं, बारांत दोन-तीन जण मार्केटचे असू द्या. स्नानसंस्कार झालेला नसला तरी हरकत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसाल?"

मी हो म्हटलं. एका परातीपाशी मला उठवलं होतं. दुसरी परात माझ्यासमोर येणार होती, आणि तिच्यात पाय माझे असणार होते. ते लोक जे सांगतात ते खरं वागतात की नाही, हे त्या दिवशी कळणार होतं.

बुधवारी दुपारी एक मॅडम गाळ्यावर आल्या. चर्चच्या कमिटीतल्या. मी त्यांना सकाळच्या मिस्सेला येणाऱ्यांत पाहिलं होतं. कांद्याच्या वासाने नाकाला रुमाल लावलेला. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि आधी खाली पाहिलं.

माझे पाय सांगते. वीस वर्षं मी दिवसभर गोणपाटावर, मातीत, सडक्या कांद्याच्या पाण्यात बसते. टाचांना भेगा आहेत, त्यांत बोटाचं नख जातं. भेगांत माती आहे, ती आता निघत नाही. अंगठ्याची नखं काळी.

मॅडमनी एक पिशवी दिली. आत घासायचा दगड, साबण, मलम आणि अंगाच्या रंगाचे पायमोजे.

"आज-उद्या नीट घासून घ्या," त्या म्हणाल्या. "साबण लावून स्वच्छ धुवा. येताना हे मोजे घालून या, म्हणजे वाटेत घाण लागणार नाही. खुर्चीवर बसल्यावर काढायचे. फोटो निघतात ना. आणि फादरना पण बरं वाटायला हवं."

"फादर धुणार आहेत ना पाय?"

"हो. पण ते सिंबॉलिक असतं. सगळेच धुऊन येतात." मग आवाज खाली आणून, "नसेल जमत तर माझ्या मुलीला बसवते तुमच्या जागी. वाईट वाटून घेऊ नका हं."

तेच वाक्य. चौदाव्या मजल्यावरचं. ह्या बाई मला अहो-जाहो करत होत्या, एवढाच फरक.

शांताकाकू गोणीआडून ऐकत होत्या. मॅडम गेल्यावर म्हणाल्या, "दे की घासून. मी घासते, आन इकडं. एक दिसाचं तर हाय."

"काकू, त्या मासे धरणाऱ्यांनी घासले होते का पाय, आधी?"

काकूंनी हातातला कांदा चारी बाजूंनी फिरवला. "न्हाई बा," म्हणाल्या. "तसं तर कुटं सांगितलं न्हाई."

गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत मी कांदे निवडले. उठले, हात धुतले, तोंड धुतलं, केस विंचरले, पातळ झटकलं. पायांना पाणी लावलं नाही. त्याच चपला घातल्या आणि काकूंना घेऊन निघाले.

बारा खुर्च्या वेदीसमोर मांडल्या होत्या. मी पाचवीवर बसले आणि चपला काढल्या. शेजारच्या गृहस्थांनी आपली खुर्ची इंचभर सरकवली. मॅडम बाजूच्या दाराने लगबगीने आल्या. वाकून, दात आवळून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं."

"मग हे काय आहे?"

"मॅडम, धुतलेलेच पाय धुवायचे तर देवाला खाली कशाला बसवायचं?"

"उठा तुम्ही. प्लीज. माझी मुलगी बसेल."

"नाही उठणार."

एवढंच मी म्हटलं. चौदाव्या मजल्यावर हेच दोन शब्द मला सुचले नव्हते. त्या दिवशी मी फरशी पुसली होती. ह्या दिवशी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले. घंटा वाजली, त्यांना जावं लागलं.

फादर आले. झगा काढून ठेवलेला, कमरेला टॉवेल. पहिले पाय. दुसरे. तिसऱ्यांच्या नखांना गुलाबी रंग. प्रत्येकाच्या एकाच पायावर पाण्याची बारीक धार, टॉवेल टेकवला, पुढे. घमेल्यातलं पाणी प्यायच्या पाण्यासारखं स्वच्छ. मी बघत होते. सगळंच धुतलेलं होतं. धुण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं.

माझ्यापुढे ते गुडघ्यांवर बसले आणि थांबले.

त्यांनी एकदा मागे पाहिलं. मॅडम उभ्या होत्या त्या बाजूला. मग माझ्या उजव्या पायावर बाकीच्यांसारखीच बारीक धार सोडली. माती जराशी हलली आणि ओघळ तपकिरी होऊन घमेल्यात पडला. त्यांनी टॉवेल टेकवला. टॉवेलवर डाग उठला. त्यांनी डाग आत जाईल अशी टॉवेलची घडी घातली आणि उठायला लागले.

ज्यांनी साखळी कुणाची म्हणून विचारलं होतं, तेच हे. मला वाटलं, झालं. हात तळाला लागला.

मी म्हटलं, "फादर, हे धुतले नाहीत."

मोठ्याने नाही म्हटलं. पण गाणं तेवढ्यात थांबलं होतं. पहिल्या चार बाकांना ऐकू गेलं.

ते अर्धे उठलेले तसेच राहिले. त्यांचे कान लाल झाले. मग ते पुन्हा खाली बसले. घडी उलगडून टॉवेल मांडीवर टाकला. माझा पाय हातात धरला. आधी उजवा, मग डावा. तांब्या रिकामा झाला, त्यांनी दुसरा मागवला. अंगठ्याने टाचेच्या भेगांवरून घासलं. मला दुखलं. त्यांनी वर पाहिलं नाही, मीही खाली बघायचं सोडलं नाही. घमेल्यातलं पाणी बाजारातल्या गटारासारखं झालं. माती सगळी निघाली नाही. ती निघतच नाही. पण त्यांनी पाय धुतले.

उरलेल्या सातांसाठी नवं पाणी आणायला लागलं.

बाहेर फाटकापाशी मॅडम थांबल्या होत्या. "पुढच्या वर्षी नावं आम्ही ठरवणार. फादर नाही."

"ठरवा."

"तुम्ही अजून ख्रिस्ती पण नाही आहात."

"म्हणूनच तुमच्या देवाने पाय धुतले ते मला आठवत होतं," मी म्हटलं. पिशवी परत केली. दगड, साबण, मलम, मोजे, सगळं होतं तसं.

रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या, "लई बोलतीस बाई तू." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुडच्या वर्सी मी बसंन. माझे तुज्याहून घान हायेत."

लोक मला विचारतात, देव शोधायचाच होता तर तू ह्यांच्याकडेच आधी का गेलीस? तिथेही तुला खुर्चीवरून उठवायला आलेच ना?

आलेच. तिथेही वहिनी आहेत, तिथेही शेठ आहेत. मनीषाचं बरोबर होतं, माझा हात लागला तळाला. पण चौदाव्या मजल्यावर मला उठवलं तेव्हा महाराज त्यांच्या बाजूने बोलले. माझ्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कुणी नव्हतं, भिंतीवरच्या देवांच्या फोटोतही नव्हतं. चर्चमध्ये मला उठवायला आले तेव्हा त्यांचाच देव घमेलं घेऊन माझ्या पायाशी बसलेला होता. मॅडमना माझ्याशी भांडायचं तर आधी त्याच्याशी भांडावं लागत होतं. फादरना लाज वाटली ती माझ्यापुढे नव्हे, त्याच्यापुढे. अशी जागा मला दुसरीकडे अजून सापडलेली नाही. ज्याला देव हवाय आणि ज्याची मान आयुष्यभर वाकवलेली आहे, त्याला मी हेच सांगते. आधी इथे बघ. माणसं चांगली आहेत म्हणून नको जाऊ, ती तशी नाहीत. ती चुकली की त्यांना कशावर बोट ठेवून जाब विचारायचा, ते त्यांनीच भिंतीवर टांगून ठेवलंय.

स्नानसंस्कार मी अजून घेतलेला नाही. तो माणूस तिसऱ्या दिवशी उठला की नाही, हा माझा शोध चालू आहे. खरं निघालं तर मी बाकीच्या गोण्यांना हात लावणार नाही. खोटं निघालं तर तसं फादरांच्या तोंडावर सांगून शेजारच्या ताईंकडे जाईन.

पुढच्या पवित्र गुरुवारी यादीत माझं नाव नसेल. मी जाणार आहे. काकू येणार आहेत. टोळीतल्या आणखी दोघी येते म्हणाल्यात. गाळ्यावर आम्ही ज्या लाकडी पाटांवर बसून कांदे निवडतो ते पाट घेऊन जाऊ आणि बारा खुर्च्यांच्या शेजारी मांडू.

आडनाव विचारलं तर सांगू. पाय धुऊन या म्हणाले तर धुणार नाही.